यंत्राला आठवण नव्हती तेव्हा

तोक्योतल्या आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, पंचावन्नच्या पुढचे. एरवी मितभाषी, पण जेवणाच्या सुट्टीत 'स्पेस इन्व्हेडर्स'चा विषय निघाला की थांबत नाहीत. १९७८ साली तो खेळ आला तेव्हा ते तिसरीत होते. टाइटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला हा खेळ बघता बघता कॉफीच्या दुकानांत पोचला. पडदा टेबलाच्या काचेखालीच. कप बाजूला सरकवायचा आणि मान खाली घालून खेळायचं. पाच रांगांत ५५ शत्रू. जितके मारावेत तितके उरलेले वेगानं अंगावर येतात. मुळात हा वेग कोणी ठरवून घातलेला नव्हता. ५५ आकृत्या हलवताना त्या काळचा प्रोसेसर मंदावायचा आणि गर्दी ओसरली की आपोआप पळू लागायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. त्या खेळाची सगळी धडधड या एका निर्णयात आहे असं मला वाटतं.

सहकाऱ्यांना मात्र 'नागोया पद्धती'बद्दल सांगायचं असतं. शत्रूची रांग अगदी तळाशी, आपल्या तोफेच्या डोक्यावर येईपर्यंत जीव मुठीत धरून थांबायचं. तिथं पोचलेल्या रांगेच्या गोळ्या आपल्याला लागत नाहीत. मग एका टोकापासून ती साफ करत जायचं. ही युक्ती नागोया शहरात निघाली असं म्हणतात. यांच्यापर्यंत ती तिकडून सुट्टीला आलेल्या मामेभावानं आणली आणि पुढचा महिनाभर गल्लीत त्याचाच मान होता. त्या वर्षी या खेळापायी शंभर येनची नाणी देशात कमी पडली, हेही ते सांगतात. हा किस्सा जपानभर प्रसिद्ध आहे, पण टांकसाळीच्या आकड्यांत त्याला आधार सापडत नाही. मी त्यांना ते कधी म्हटलं नाही. नाण्यांनी गच्च भरलेल्या पेट्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

यंत्र रात्री बंद केलं की त्यातला सर्वाधिक गुणांचा आकडा पुसला जायचा. कोणी किती केले हे दुसऱ्या दिवशी पोरंच एकमेकांना सांगायची.

पुढे घरात टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र, फॅमिकॉम, आला आणि १९८६ मध्ये त्यावरचा खेळ 'ड्रॅगन क्वेस्ट'. युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामांची चित्रं, कोइची सुगियामांचं संगीत. हा खेळ एका बैठकीत संपणारा नव्हे, आणि कॅसेटमध्ये खेळ साठवायची सोय नाही. मग किल्ल्यातला राजा खेळाडूला हिरागाना या जपानी लिपीतल्या २० अक्षरांचा एक मंत्र देई. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा भरायचा. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्यात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. सहकाऱ्यांची धाकटी बहीण पडद्यावरून वाचायची, ते लिहून घ्यायचे. हिरागानात 'बा' आणि 'पा' यांच्यात फरक एवढाच की एकावर दोन बारीक रेघा, दुसऱ्यावर बारीकसं वर्तुळ. जुन्या टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसत. एक अक्षर चुकलं की आठवड्यांची मेहनत गेली. १९८८ च्या फेब्रुवारीत तिसरा भाग कॅसेटमधल्या बॅटरीसह आला आणि मंत्राची गरज संपली. पण ती वही त्यांनी जपली आहे. एकदा मला दाखवली, तर पेन्सिलीच्या ओळींवर बहिणीच्या हातच्या लाल दुरुस्त्या. दुसऱ्या भागाचा एक प्रसिद्ध मंत्र होरी युजी, तोरियामा अकिरा अशी कर्त्यांची नावं गुंफून होतो आणि पुढे नुसत्या 'पे'ची रांग लागते. तो ते आजही एका दमात म्हणतात.

हे सगळं मी फोनवर कऱ्हाडच्या मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं लाईट गेली की स्टेजच गेली बघ."

मामाचा खेळ म्हणजे 'मुस्तफा'. कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' भारतातल्या व्हिडिओ गेम पार्लरांत याच नावानं ओळखला गेला. मूळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकमधला. पात्रं चार, पण पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून प्रत्येकाला तोच हवा. एस.टी. स्टँडमागच्या पार्लरात रुपयाला एक कॉइन. मामाकडं तो रुपया क्वचितच असे. तो इतरांच्या पाठीमागं उभा राहून बघायचा आणि बघता बघता त्याला सगळं पाठ झालं: कुठल्या पिंपात बंदूक, कुठं खाऊ, बॉस कधी उडी घेतो, तिसऱ्या स्टेजला गाडी कुठल्या अंगानं न्यायची. मग पैसेवाली पोरंच त्याचा कॉइन भरायला लागली, तो शेजारी असला की पुढं जाता येतं म्हणून. लाईट परत आली की मालक विचारायचा, कोण कुठल्या स्टेजला होतं? मामा सांगेल ते सगळे मान्य करत, आणि मालक तेवढ्यांना एकेक कॉइन फुकट देई.

निशिकादो, होरी यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते हवंच. पण यंत्राला लक्षात न राहणारं ज्यांनी लक्षात ठेवलं, त्या पोरांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. पार्लरं बंद झाली. तो 'मुस्तफा' घरच्या यंत्रावर अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणून गेल्या दिवाळीत मी मामाला आणि त्याच्या त्या काळच्या जोडीदाराला समोरासमोर बसवलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. शेवटच्या बॉसला पहिल्यांदा कुणी मारलं यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मामा म्हणतो आपण, जोडीदार म्हणतो आपण. दोघांनाही पटेल असा साक्षीदार एकच, पार्लरचा मालक. तो आता साताऱ्याला मुलाकडं असतो असं कळलं आहे. पुढच्या सुट्टीत मी त्याला भेटायला जाणार आहे.