हौशी सायकलस्वार आणि खानदेशची सडक

धुळें शहरापाशीं दोन मोठ्या सडका एकमेकींस छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाते. दुसरी सुरतेहून निघून नागपुराकडे व तेथून पुढें कलकत्त्याकडे जाते. या दुसऱ्या सडकेनें पारोळें आणि एरंडोल हीं गांवें मागें टाकून बांभोरीजवळ गिरणा ओलांडली म्हणजे जळगांव येतें. हें अंतर सुमारें नव्वद किलोमीटरांचें आहे. १९०६ सालीं इंग्रज सरकारनें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, तेव्हां या दोन गांवांच्या कचेऱ्या वेगळ्या झाल्या. पण कापूस, केळीं आणि सोयरिकी यांची ये-जा या वाटेवरून चालूंच राहिली. याच वाटेवर आतां सुट्टीच्या दिवशीं, सूर्य उगवण्यापूर्वीं, सायकलींचे पांच-पंचवीस दिवे एका ओळीनें जातांना दिसतात. त्या सायकलींवर बसलेलीं माणसें एऱ्हवीं दवाखान्यांत, शाळेंत किंवा दुकानांत दिवस घालविणारीं असतात. ज्या गांवीं तीं जातात तेथें त्यांचें कांहींहि काम नसतें. चहा प्यावा, घटकाभर बसावें आणि परत फिरावें, एवढाच त्यांचा कार्यक्रम.

खेड्यांतील माणसाला याचें नवल वाटतें तें साहजिकच आहे. त्यानें सायकल पाहिली ती नेहमीं ओझ्याखालीं. मागील पिढ्यांत पोस्टमन, प्राथमिक शिक्षक, दूधवाले आणि गिरणीकामगार हेच तिचे खरे स्वार होते. स्वातंत्र्यापूर्वीं बहुतेक सायकली विलायतेहून येत. रॅले, हर्क्युलस, बी. एस. ए. हीं नांवें इंग्रजीचें अक्षर न येणाऱ्यांसहि पाठ असत. पुढें १९५१ सालीं सोनिपतास ॲटलसचा व १९५६ सालीं लुधियान्यास हीरोचा कारखाना निघाला, आणि मागें कॅरियर व पुढें डायनामोचा दिवा असलेली ती काळी सायकल खेडोपाडीं पोंचली. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला तिला लावावा लागे. रात्रीं दिवा नसला किंवा मागें डबलसीट बसविलें, तर पोलीस अडवीत. विकत घेण्याची ऐपत नसलेला तरुण दुकानांतून तासाच्या भाड्यानें सायकल आणून तीवर तोल सांभाळावयास शिके. नव्या जांवयानें सायकलीसाठीं रुसून बसावें, इतकी तिची त्या काळीं प्रतिष्ठा होती. अशा वाहनावर सुखवस्तु मनुष्य विनाकारण बसतो, हें लोकांस पटावें कसें? म्हणून चहाच्या टपरीवर ‘पेट्रोल परवडत नाहीं कां, भाऊ?’ हा प्रश्न हटकून येतो. त्यांत थट्टा असते, तशी थोडी काळजीहि असते.

‘हौशी’ या शब्दाचा अर्थ मराठींत मुख्यतः नाटकमंडळ्यांनीं रूढ केला. पोटासाठीं नाटक करणारा तो धंदेवाईक, आवडीखातर करणारा तो हौशी. इंग्रजींतील ‘अमॅच्युअर’ हा शब्दहि प्रेम करणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच आला आहे. परंतु इंग्लंडांतील त्याचा इतिहास तितकासा प्रेमळ नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील मैदानी खेळांच्या एका प्रमुख मंडळानें हौशी कोणास म्हणावें याची व्याख्या केली, आणि तींतून पैशासाठीं खेळणारांबरोबर कारागीर व मजूर यांसहि वगळलें. हातानें काम करून पोट भरणाऱ्या माणसानें एका पैचेंहि बक्षीस घेतलें नसलें, तरी तो हौशी ठरत नसे! १८८० सालीं स्थापन झालेल्या ॲथलेटिक संघानें ही अट टाकून दिली. हेन्ली येथील नौकांच्या शर्यतींतून ती जाण्यास मात्र १९३७ साल उजाडावें लागलें. सायकलप्रवासी निदान एका बाबतींत त्यांच्या पुढें होते. १८७८ सालीं हॅरोगेट येथें निघालेल्या त्यांच्या क्लबानें दोनच वर्षांनीं स्त्रियांस सभासद करून घेतलें.

हिंदुस्थानांत हौशी सायकलस्वारांचें नांव दूरवर नेलें तें मुंबईच्या पारशी तरुणांनीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं अदी हकीम, जल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमान कापडिया हे सहा जण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. तिघांचा प्रवास वाटेंतच संपला. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैलांची मजल मारून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले. शर्यत नव्हती, प्रतिस्पर्धी नव्हता. जें मोजावयाचें तें अंतर आणि दिवस.

मोजण्याची हीच रीत पुढें एका निराळ्या मार्गानें खानदेशांत आली, आणि तिच्यामागें युरोपांतील एक जुनें भांडण आहे. १८९७ सालीं इटलींतील कांहीं सायकलस्वारांनीं रोमपासून नेपल्सपर्यंतचें २३० किलोमीटरांचें अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळांत तोडलें. त्यांस ‘ऑडॅक्स’ म्हणजे धाडसी असें नांव मिळालें. टूर द फ्रान्सचा जनक हेन्री देग्रांज यानें १९०४ सालीं ही कल्पना फ्रान्सांत आणली. त्याचा नियम असा होता कीं, सर्वांनीं एकत्र निघावें, नायकानें ठरविलेल्या चालीनें जावें आणि एकत्रच पोंचावें. मागें पडणाऱ्यास सांभाळून न्यावें, पुढें पळणाऱ्यास आवरावें. त्याच वर्षीं पॅरिसांत ऑडॅक्स क्लब स्थापन झाला. पण १९२१ च्या सुमारास देग्रांज आणि हा क्लब यांचें फाटलें, आणि क्लबानें आपल्या फेऱ्या दुसऱ्या तत्त्वावर सुरू केल्या: प्रत्येकानें आपापल्या चालीनें जावें, मात्र ठरलेल्या वेळांत पोंचावें. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारें १,२०० किलोमीटरांची फेरी १८९१ सालीं धंदेवाईकांची शर्यत म्हणून जन्मली होती. १९३१ पासून ती हौशी स्वारांसहि खुली झाली. आणि गंमत अशी कीं, त्या वर्षीं दोन्ही पंथांचे लोक आपापल्या पद्धतीनें तीच वाट चालले.

आज जगभर जी पद्धत चालते ती दुसऱ्या पंथाची. नाशिककरांप्रमाणें खानदेशांतील सायकलस्वारहि तिलाच अनुसरतात, आणि तिचें लांबलचक फ्रेंच नांव सोडून नुसतें ‘बीआरएम’ म्हणतात. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २०, ४०० स २७ आणि ६०० स ४० तास, अशा मुदती ठरलेल्या आहेत. वाटेंतील नाक्यांवर कार्डावर वेळेची नोंद करून घ्यावयाची. रात्रीं पुढें पांढरा व मागें लाल दिवा आणि अंगांत चमकणारें जाकीट हवेंच. मदतीची मोटार मागें ठेवतां येत नाहीं. पंक्चर झालें तर ज्याचें त्यानें काढावें. साडेतेरा तासांत दोनशें म्हणजे ताशीं पंधरा किलोमीटरांहूनहि कमी, असें म्हणून प्रथम येणारा मनुष्य हसतो. खाणें, थांबणें व चाक दुरुस्त करणें हेंहि त्याच वेळांत बसवावयाचें असतें, हें त्याला दुपारीं कळतें.

खानदेशांत तर तें लवकरच कळतें. मे महिन्यांत जळगांव-भुसावळास पारा कित्येकदां ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा उघड्या रानावरून बेफाम वाहतो. साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची जी रांग उभी आहे, ती या वाऱ्याच्या भरंवशावरच. जळगांवाहून धुळ्याकडे निघालेल्या स्वारास तो समोरून छातीवर घ्यावा लागतो. अशा वेळीं पॅरिसचें भांडण पारोळ्याच्या अलीकडे नव्यानें उभें राहतें. एक पक्ष म्हणतो, ओळीनें चालावें, पुढच्यानें वारा फोडावा, थकला म्हणजे त्यानें मागें यावें आणि दुसऱ्यानें पुढें व्हावें. दुबळ्याला एकटें टाकून जाण्यांत कसली हौस? दुसरा पक्ष म्हणतो, कीं दुसऱ्याच्या चालीनें चालण्यासारखा थकवा नाहीं. हळू जाणाऱ्यास ओढून नेलें तर तो मध्येंच मोडतो. आपल्या बेतानें येऊं दिला तर तासाभरानें कां होईना, पण येतो. नियम दुसऱ्या पक्षाच्या बाजूचा आहे. प्रत्यक्षांत मात्र बहुतेक टोळ्या अर्धी वाट एकत्र आणि अर्धी सुट्या चालतात.

मतभेद आणखीहि आहेत. वजनानें हलक्या, अनेक गिअरच्या किंमती सायकली काळ्या सायकलीहून कितीपट महाग असाव्यात, यावर कांहीं स्वार मोठ्या उत्साहानें बोलतात, आणि जुने लोक तितक्याच उत्साहानें त्यांची टर उडवितात. बाभळीचा कांटा मात्र किंमत पाहून टायरांत शिरत नाहीं. खाण्याविषयीं फारसा वाद नाहीं. विलायती पुड्यांतील खाऊ खिशांत असला, तरी सडकेवर हातगाडी दिसतांच सगळे केळ्यांकडे वळतात. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सायकलस्वारांनीं तें त्याला त्यापूर्वींच देऊन टाकलें असावें.

खरा गंभीर प्रश्न सडकेचा आहे. अलीकडील वर्षांत ती चौपदरी होत गेली. खड्डे कमी झाले, कडेचीं जुनीं झाडें गेलीं, आणि मालमोटारींचा वेग वाढला. उन्हासाठीं रात्रीं निघावें तर काळोखांत मालमोटारींची भीति. त्या चुकविण्यासाठीं दिवसा निघावें तर ऊन. घरच्या माणसांचा या हौसेला जो विरोध असतो तो पैशासाठीं नसून यासाठींच असतो, आणि तो गैरवाजवी म्हणतां येत नाहीं. कित्येक टोळ्या आतां महामार्ग टाळून फर्दापूरमार्गें अजिंठ्याकडे, पद्मालयाकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या खेड्यांकडे वळूं लागल्या आहेत, त्याचें कारण हेंच.

त्या लहान वाटांवर त्यांना दुसरे सायकलस्वार भेटतात. मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस शाळेंत जाण्यासाठीं सायकली मिळाल्या आहेत. सकाळीं दोघी-तिघी बरोबरीनें, दप्तर कॅरियरला लावून, गप्पा मारीत जातात. गांवच्या प्रौढ माणसांनीं सायकल सोडून फटफटी घेतली त्यालाहि आतां पुष्कळ वर्षें झालीं. ३ जून २०२० रोजीं, जागतिक सायकलदिनींच, ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. तेव्हां कामासाठीं सायकल वापरणारांत या मुली आणि कांहीं म्हातारे शेतकरी एवढेच बव्हंशीं उरले आहेत. हेल्मेट घातलेला स्वार घंटी वाजवून पुढें जाऊं लागला, तर यांतील एखादी मुलगी उगीचच पायडलावर जोर देते आणि फर्लांगभर त्याला पुढें जाऊं देत नाहीं. शाळेचें फाटक आलें म्हणजे ती वळते. इंग्लंडच्या जुन्या व्याख्येप्रमाणें पाहिलें तर मजुरीला जाणारे तिचे आईबाप हौशी ठरले नसते.

पुढचा नाका बहुधा चहाच्या दुकानांतच असतो. तेथें कार्ड पुढें करावयाचें, वेळ लिहून घ्यावयाची आणि बाटली भरून निघावयाचें. कार्डावर गांवाचें नांव, अंतर आणि वेळ यांस चौकोन आखलेले असतात. कोण कितवा आला, हें लिहावयास त्यावर जागा ठेवलेली नसते.