देव बदलले तरी टिकलेला बांध

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी हल्ली तुकड्यातुकड्यांनी सांगते. 'गोव्यातली गावकरी संस्था' म्हटलं की समोरचा मान डोलावतो. त्यात 'हवामानबदल' जोडलं की जरा थांबतो. आणि 'धर्म' म्हटलं की हसतो. "म्हणजे निर्माल्य नदीत टाकू नका, असलं काहीतरी का?"

हसण्यात त्यांची चूक नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं, त्याच वर्षी हिंदू आणि मुस्लिम धर्मगुरूंच्याही हवामानबदलावरच्या जाहीर घोषणा आल्या, आणि तेव्हापासून या विषयावर प्रवचनं बरीच झाली. झाडं लावली गेली, छपरांवर सौरपट्ट्या बसल्या. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला एक साधा प्रश्न पडतो: देवाला मानणाऱ्या एखाद्या गावाने खरोखर समुद्र अडवून धरलाय, तोही पिढ्यान्‌पिढ्या, असं कुठे घडलंय का?

घडलंय. आणि ते बघायला लांब जायला नको. पणजीहून जुन्या गोव्याकडे निघालात की रायबंदरच्या रस्त्यावर एका बाजूला मांडवी दिसते आणि दुसऱ्या बाजूला सखल, पाणथळ जमीन, मिठागरं. आपण खिडकीतून फोटो काढतो आणि पुढे जातो. भरतीच्या वेळी नदीचं पाणी या जमिनीपेक्षा उंच असतं, हे आपल्या लक्षातही येत नाही. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठाने अशी हजारो हेक्टर जमीन आहे. तिलाच खाजन म्हणतात. रायगड-रत्नागिरीच्या वाचकांना हे नवीन नाही, तुमच्याकडे खारबंदिस्ती म्हणतात आणि बांधातल्या दाराला उघाडी म्हणतात. गोव्यात त्या दाराला 'मानस' म्हणतात.

मानस म्हणजे अगदी साधं लाकडी दार, आणि तितकंच हुशार. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार बंद होतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि आपली वाट काढतं. दिवसातून दोन वेळा हे चालतं, त्याला ना मोटर लागते ना वीज. पावसाळ्यात पडणारं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन याच दारातून बाहेर नेतं आणि मग खाऱ्यात तग धरणारं भात पेरलं जातं. कोरगुट हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. पीक निघाल्यावर, कोरड्या महिन्यांत, बेताबेताने खारं पाणी आत घेतात. त्याच्याबरोबर मासे आणि सुंगटं येतात. ओहोटीला दाराच्या तोंडाशी जाळं लावलं की झालं.

बांध मात्र मातीचा. चिखल, पेंढा, जिथे लाटेचा मार जास्त तिथे जांभा दगड. कुर्ल्या त्याला भोकं पाडतात. बोटाएवढं भोक दोन-चार भरत्यांत हातभर होतं आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला तिथेच बांध फुटतो. एकदा खारं पाणी मोकाट आत शिरलं की ते मीठ धुऊन जायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणजे खाजनात 'माझं शेत' हा प्रकार अर्ध्यापुरताच खरा असतो. तुमच्या शेतासमोरचा बांध तुम्ही कितीही मजबूत ठेवलात तरी शेजाऱ्याच्या बांधाला भोक असेल तर तुमचं भातही गेलंच.

त्यामुळे अशा जमिनीवर आधी संस्था लागते, नांगर नंतर. ती संस्था म्हणजे गावकरी, जिला पोर्तुगीजांनी पुढे 'कोमुनिदाद' म्हटलं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, आफोंसो मेशिया या त्यांच्या वित्ताधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रीतिरिवाजांची एक सनद तयार केली. तिला फोराल म्हणतात. तिच्या सुरुवातीलाच एक मूळकथा नोंदवलेली आहे: फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर शेती करायला आली, त्यांनी ती जागा वसवली, आणि त्यांचे वंशज म्हणजे गावकर. ही कथा खरी की खोटी यात मला फारसा रस नाही. नव्या राज्यकर्त्यांपुढे उभं राहून 'ही जमीन आम्ही केली' हे गावकऱ्यांनी सांगितलं आणि राज्यकर्त्यांनी ते लिहून घेतलं, यात आहे. कारण त्यांना सारा हवा होता. जो बांध सांभाळतो त्यालाच दुखावलं तर सारा येणार कुठून?

या गावकरीत देव कुठे होता? अगदी मधोमध. गावची जमीन सामाईक, तिचा लिलाव व्हायचा, आलेल्या पैशातून राज्याचा सारा, देवळाचा खर्च आणि गावची कामं भागायची. पुजारी, वाजंत्री, देवळाची चाकरी करणारे यांच्यासाठी वेगळी शेतं राखलेली असत, त्यांना नमोशी म्हणत. उत्सवात कुठल्या वांगडाचा, म्हणजे कुठल्या गावकर घराण्याचा मान आधी, हे ठरलेलं. बांधाची जबाबदारी त्याच लोकांची, त्याच बैठकीत, त्याच हिशेबात. आपण आज ज्याला 'धार्मिक' आणि 'पर्यावरणीय' म्हणतो त्यांच्यासाठी तिथे दोन वह्या नव्हत्या.

मग १५४० च्या सुमाराला तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६७ मध्ये साष्टीतली. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज फोंड्यात आपण जी देवळं बघायला जातो त्यांतली अनेक अशी नदी ओलांडून आलेली आहेत. ज्यांनी गाव सोडलं त्यांची कहाणी मराठीत पुष्कळदा सांगून झाली आहे. मला अभ्यास करताना अडवलं ते जे राहिले त्यांनी.

जे राहिले ते बहुतेक ख्रिस्ती झाले. काही श्रद्धेने, बरेच दडपणाखाली, आणि काही जमीन जाऊ नये म्हणून, हे नाकारण्यात अर्थ नाही. १५४१ मध्येच तिसवाडीच्या गावकऱ्यांकडून नमोशी जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामासाठी लावून घेतलं गेलं. म्हणजे खर्चाचं खातं तेच राहिलं, वरचा देव बदलला. पुढे गावकऱ्यांच्या पैशातून चर्चेस उभी राहिली, फेस्तांचा खर्च निघू लागला, आणि वांगडांचे मान मिरवणुकीत नव्या रूपात परतले. आडनावं बदलली, जात मात्र जागची हलली नाही.

आणि बांध? बांध राहिला. इतकी मोठी उलथापालथ झाली तरी भरती-ओहोटीने कुणाला सुट्टी दिली नव्हती. गावाने मानसचे लिलाव चालू ठेवले, मासे धरायचा हक्क वर्षाला विकला, पैसे तिजोरीत टाकले आणि त्यातून बांधाची डागडुजी केली. श्रद्धेतला इतका मोठा बदल या व्यवस्थेने पचवला, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा माझी मूळ मांडणीच कोलमडली. मी शोधत होते 'निसर्गाला देव मानणारी परंपरा', आणि सापडली हिशेबाची परंपरा, जिच्यात देवाचाही एक वाटा होता.

अर्थात देवाचा वाटा म्हणजे नुसता खर्चाचा रकाना नव्हे. वर्षातून एकदा अख्खं गाव शेताच्या काठावर उभं राहायचं ते देवामुळेच. हिंदू घरांत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवं होतं, भाताची नवी कणसं शेतातून आणून पुजतात, घरात बांधतात. ख्रिस्ती गावांत ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं. रायचं ५ ऑगस्टला, ताळगावचं २१ ऑगस्टला. पाद्री मिरवणुकीने शेतात जातो, विळ्याने कणसं कापतो, ती आशीर्वाद देऊन वाटतात. दोन धर्म, पण मुहूर्त भाताचा. बांध फुटलेल्या वर्षी या दिवशी काय होत असेल, याचा विचार करा. चूक कुणाची हे सगळ्या गावाला, देवासमोर, उघड दिसत असणार.

आता इथे थांबून 'काय सुंदर होतं ना सगळं' असं म्हणायचा मोह होतो. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच मसुद्यावर लाल पेनने तेच विचारलं: कुणासाठी सुंदर? गावकर म्हणजे मूळ घराण्यांचे पुरुष. बायकांना त्यात जागा नव्हती. बांधावर चिखल वाहणारे, छातीभर पाण्यात उभे राहून भोकं बुजवणारे हात बहुतेक वेळा कुळांचे आणि मजुरांचे होते, आणि नफ्याचा वाटा गावकरांचा. पोर्तुगीज कायद्यांनी (१९०४, १९३३ आणि शेवटी एप्रिल १९६१ ची कोमुनिदाद संहिता) ही रचना जपली आणि तिला कागदी घट्टपणा दिला.

म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर जमीन सुधारणा येणं हे न्यायाचंच होतं. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळं मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना जमीन मिळाली. मी या सुधारणेच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला उलटं वाटू शकेल.

जमिनीची वाटणी करता आली, बांधाची येईना. १९७५ च्या नियमांनी कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवून दिली, त्यासाठी शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या केल्या आणि मानसचा लिलावही त्यांच्याकडे दिला. दुरुस्तीच्या मोठ्या खर्चात सरकार वाटा उचलू लागलं. कागदावर काहीच सुटलं नव्हतं. पण कोमुनिदादकडे राहिली पोकळ मालकी, चर्चकडे आणि देवळाकडे राहिला उत्सव, संघटनेकडे दार, सरकारकडे दुरुस्ती, आणि भात पिकवण्यात रस कमी कमी होत गेला. रेशनवर तांदूळ स्वस्त, पोरं आखातात किंवा शहरात. दुसरीकडे सुंगटांना भाव चढला. ज्याने मानस लिलावात घेतलं त्याला खारं पाणी जितका वेळ आत राहील तितका फायदा, मग दार 'चुकून' उघडं राहायला लागलं. खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बाहेरून बांध पोखरले ते वेगळंच. खारं पाणी कायमचं साठलेल्या शेतांत खारफुटी उगवली, आणि खारफुटी तोडायला कायद्याने बंदी. म्हणजे शेत परत मिळवायची वाटही बंद. खारफुटी वाईट नाही, उलट बांधाच्या बाहेर ती असली की लाटेचा जोर मोडते. ती बांधाच्या आत वाढली की समजावं, दारावर कुणी नाही.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप हमखास येतो: हे सगळं अर्थकारण झालं, धर्म त्यात आपोआप ओढला जातोय. मला तसं वाटत नाही. लिलावाचा पैसा सुंगटांच्या बाजूला झुकू नये म्हणून आधी त्याच माणसाला त्याच गावात मान हवा असायचा, फेस्तात जागा हवी असायची. तो धाक कुठल्याच सरकारी नियमात लिहिता आला नाही.

दरम्यान समुद्र चढतोय. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. त्याआधीच्या शतकभरातला वेग साधारण एक ते पावणेदोन मिलिमीटर होता. मिलिमीटर ऐकून काही वाटत नाही. पण ज्या बांधाची उंची वीतभराच्या हिशेबात ठरते, आणि ज्या दाराला आतलं पाणी ओहोटीच्या ठरावीक तासांतच बाहेर टाकायचं असतं, तिथे हा आकडा दरवर्षी थोडा थोडा वेळ खातो. बांध उंच करावाच लागणार आहे. कंत्राटदार काँक्रीटचा करेलही. त्यावर कुर्लीचं भोक बघायला रात्री कोण फिरेल, हे निविदेत लिहिता येत नाही.

'धर्मसंस्थांनी काय करावं' असं मला विचारलंत तर माझं उत्तर म्हणूनच जरा रुक्ष आहे. प्रवचन राहू दे बाजूला. संघटनेची वार्षिक बैठक फेस्ताच्या किंवा नव्याच्या आठवड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा चर्चच्या सभागृहात घ्या. मानसच्या लिलावाचा आकडा आणि बांधावर झालेला खर्च तिथे मोठ्याने वाचून दाखवा. वर्षभर दार सांभाळणाऱ्याला मिरवणुकीत पहिला मान द्या, मग तो गावकर असो, कूळ असो की बाई असो. यातल्या शेवटच्या शब्दावर जुन्या गावकरीत गदारोळ झाला असता, आजही काही ठिकाणी होईल.

येत्या ऑगस्टमध्ये तुम्ही रायला किंवा ताळगावला कणसांच्या फेस्ताला गेलात, तर मिरवणूक बघून झाल्यावर एक काम करा. कणसं कापली ते शेत खाजनातलं असेल तर शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, याचा बांध कोण बघतं? मी विचारते तेव्हा आधी थोडी शांतता पसरते, आणि मग दोन-तीन जण एकदम बोलायला लागतात.