वस्तऱ्यावरील नांव

जुन्या घराच्या माळ्यावर किंवा एखाद्या धोकटीच्या तळाशीं विलायती वस्तरा सांपडला, तर तो कोणीं घडविला असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं असलेल्या मुरूमसारख्या गांवीं या प्रश्नाला आणखीहि एक अर्थ आहे.

उत्तर बहुधा पात्याच्या बुडाशीं ठोकलेलें असतें. शेफील्ड येथील सुऱ्या-कात्र्या करणारांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला व कारखानदारांच्या निशाण्या त्याच्या दप्तरीं नोंदल्या जाऊं लागल्या. चांदणी व क्रूस हे जोसेफ रॉजर्स यांचें चिन्ह. नांव झिजलें असल्यास इतर खुणांची साक्ष घ्यावी. मुकुटासह 'व्ही. आर.' हीं अक्षरें १८३७ ते १९०१ हा काळ सुचवितात. 'जी. आर.' असल्यास मात्र सावध राहावें. कारण १८३० पूर्वींप्रमाणें १९१० नंतरहि जॉर्ज नांवाचे राजे झाले. तेथें पात्याचा घाट निर्णय देतो: पाचरीसारखें भरीव पातें जुनें, दोहों बाजूंनीं खोलगट घासलेलें पातळ पातें नंतरचें. 'इंग्लंड' हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यानें आयात मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. मूठ बदलतां येते. म्हणून तिच्या एकटीच्या साक्षीवर विसंबूं नये.

परंतु इतक्या खटपटीनें सांपडतें तें पेढीचें नांव. पातें ठोकणारा, त्याला पाणी देणारा व तें घासणारा हे बहुधा निरनिराळे असत. कोरड्या दगडावर घासणाऱ्यांच्या छातींत धूळ जाऊन कित्येक ऐन तारुण्यांत मरत. त्यांचें नांव पात्यावर नाहीं.

आणि पोलादाचें काय? अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं 'वूट्झ' नामक हिंदी पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. तेथील हत्यारें करणारे जेम्स स्टोडार्ट यांनीं हें पोलाद वापरून तें युरोपांतील उत्तम पोलादाहून सरस ठरविलें. पुढें फॅरडे यांनींहि त्यांच्यासह पोलादावर प्रयोग केले. 'वूट्झ' हा शब्द कानडी 'उक्कु'वरून आला, असें बहुतेक विद्वान मानतात. निजामाच्याच राज्यांतील कोनासमुद्रम् येथें असें पोलाद होई व इराणी व्यापारी तें घेण्यास येत. त्या भट्ट्या विझल्या, आणि त्याच मुलखांत शेफील्डचा वस्तरा उत्कृष्टतेचा नमुना ठरला.

म्हणून निशाणी ओळखावी, साल ठरवावें. पण घडविणारा सांपडला असें म्हणण्याची घाई आम्ही करूं नये. त्या चिन्हानें विकणाऱ्याची ओळख पटते. घडविणाऱ्यांची ओळख इतिहासानें अजून करून द्यावयाची आहे.