ढोलाभोवतीचे रिंगण

आलापल्लीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सागवानासाठी. येथील जुन्या रानाचा राखून ठेवलेला तुकडा ‘वनवैभव’ म्हणून ओळखला जातो. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता माडिया गोंडांच्या मुलखात शिरतो. या मुलखात लाकडाचे मोल घनफुटांत मोजून संपत नाही. पोकळ लाकडावर कातडे ताणले की त्याचा ढोल होतो, आणि ढोल वाजला की गाव जमते.

लग्नात, सणात रेला नाचताना हात हातांत गुंफून रिंगण धरले जाते. या रिंगणात प्रेक्षक असा वेगळा कोणी नसतो. दमलेला बाजूला होतो, दुसरा त्याची जागा घेतो. हाच ढोल सरकारी महोत्सवाच्या किंवा पाहुण्यांच्या स्वागताच्या मंचावर गेला की मात्र रिंगण उलगडते आणि त्याची रांग होते, कारण पाहुण्यांकडे पाठ करून कसे चालेल? मग ‘परंपरा मंचावर मेली’ अशी हळहळ ऐकू येते. ही हळहळ कितपत खरी आहे, हे तपासायला जपानी ताइकोचा इतिहास उपयोगी पडतो.

सामुदायिक उत्सवांत दणाणणारी ताइको पथके पाहून ती हजार वर्षांची जुनी असावीत असे वाटते. नगारे खरोखरच प्राचीन आहेत. एका अखंड ओंडक्यातून कोरलेले त्यांचे खोड आणि त्यावर खिळ्यांनी ताणलेले कातडे देवळांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले. पण अनेक नगाऱ्यांचे एकत्र पथक ही कल्पना १९५१ ची. नागानो प्रांतातील दाइहाची ओगुची हा जॅझमधला ड्रमवादक. सुवा देवस्थानच्या वादनाची एक जुनी लिपी त्याच्या हाती आली. एकट्या नगाऱ्याचे ते वादन त्याने लहानमोठ्या नगाऱ्यांत वाटून दिले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या निमित्ताने ही शैली जगापुढे आली, आणि १९६८ मध्ये सेइइची तानाका यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तिची शाळा काढली. पुण्याच्या गणेशोत्सवातील शिस्तबद्ध ढोल-ताशा पथके पाहिलेल्यांना हा बदल परका वाटू नये.

म्हणजे जपानी नगाराही मंचावर गेला, रांगेत उभा राहिला. तरी तो मेला नाही. याचे कारण त्याच्या दुसऱ्या घरात आहे. उन्हाळ्यात पितरांच्या ओबोन सणाला मैदानाच्या मध्यभागी लाकडी मचाण उभारतात, त्यावर नगारा वाजतो आणि आबालवृद्ध त्याभोवती फेर धरतात. १९४२ पासून अमेरिकेने सुमारे सव्वा लाख जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा तारेच्या कुंपणाआडही हा फेर धरला गेला. मंच नवा होता, पण रिंगण सुटले नव्हते.

गडचिरोलीत प्रश्न नेमका इथे येतो. रिंगणाला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे गोटुल व त्यापुढचे अंगण. १९८० च्या दशकाच्या अखेरीस धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने आपले गोटुल परंपरेप्रमाणे सागाच्या लाकडात पुन्हा उभारले. वनखात्याने ते लाकूड बेकायदा ठरवून इमारत पाडली. तेव्हा आसपासच्या गावांनीही गोटुले बांधायला घेतली. पुढे २००९ मध्ये याच मेंढ्याला सामूहिक वनहक्काचा दावा मिळाला. लाकूड कोणाचे, हा वाद वरकरणी जंगलाचा होता; पण त्यात एकत्र बसण्याचा, नाचण्याचा आणि निर्णय घेण्याचा हक्कही गुंतला होता.

म्हणून मंचाला दोष देऊन भागणार नाही. वर्षातून एकदा मंचावर उभा राहणारा माडिया तरुण उरलेले दिवस ढोल कुठे वाजवतो, हे विचारायला हवे. त्याच्या गावात गोटुल असेल, अंगण असेल आणि रात्रभर नाचायला सवड असेल, तर मंचावरची रांग हे त्याचे केवळ एक रूप आहे. पण ते अंगणच गेले, तर टाळ्या कितीही पडल्या तरी ढोलाला परतायला घर उरणार नाही.