चर्चच्या दप्तरांतील एक वारसा

सोळाव्या शतकात फिनलंड हा स्वीडनच्या अमलाखालचा मुलूख असताना राजा गुस्ताव वासा याने सावो प्रांतातील शेतकऱ्यांना उत्तरेच्या निर्जन अरण्यात वसाहत करण्यास उत्तेजन दिले, त्यामागे रशियाच्या सरहद्दीवर आपली वहिवाट पक्की व्हावी आणि ज्या भूमीतून आजवर खजिन्यात दमडी येत नव्हती तिच्यावर सारा बसावा, असा दुहेरी हेतू होता. अरण्य तोडून जाळायचे, राखेत राय हे धान्य पेरायचे आणि थोड्या पिकांनंतर जमीन निसत्त्व झाली की पुढे सरकायचे, अशी आपल्याकडील कुमरीच्या जातीची त्यांची शेती; त्यामुळे घरे दूरदूर पांगली आणि मुलांची लग्ने जुळायची ती त्याच मोजक्या घराण्यांतून. त्यातच 1696 आणि 1697 या वर्षांच्या दुष्काळात फिनलंडची निदान चतुर्थांश प्रजा मेली. जे उरले त्यांचीच संतती पुढे वाढली, आणि त्यांच्या रक्तातील बरेवाईट सारे तिच्याबरोबर वाढले.

या लोकांचा वंशेतिहास आज वाचता येतो, याचे श्रेय मी नि:संकोचपणे खेड्यांतील पाद्र्यांना देतो. 1686 च्या स्वीडिश चर्च कायद्याने प्रत्येक पाद्र्याला आपल्या धर्मग्रामातील जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदण्याची सक्ती केली. या दप्तरांतील सर्वांत बोलक्या वह्या प्रभुभोजनाच्या: घरवार पाने आखलेली, वर कुटुंबप्रमुख, खाली बायको, मुले, गडी आणि मोलकरणी, प्रत्येकाच्या नावापुढे जन्माचे साल, वाचन व धर्मप्रश्नोत्तरी कितपत येते याच्या खुणा, आणि माणूस गाव सोडून गेला किंवा वारला की त्या नावावर शाईची रेघ. ज्या स्त्रीला मूल झाले नाही तिची शाखा या दप्तरात तेथेच खुंटते. तिला गावाने काय बोल लावले असतील, हे पाद्री लिहून ठेवीत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दप्तरे वैद्यांच्या हाती आली. रेइयो नोरिओ यांनी 1966 साली जन्मजात मूत्रपिंडविकाराच्या फिनिश कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रुग्णांच्या पूर्वजांचा माग याच वह्यांतून काढला होता. इतरत्र अतिविरळ, पण फिनलंडमध्ये वारंवार आढळणाऱ्या तिसाहून अधिक आनुवंशिक विकारांची यादी पुढे तयार झाली. त्यांतील एक विकार केवळ स्त्रीसंप्रेरकांचा आहे, आणि माझ्या मते त्या यादीत इतिहासकाराने सर्वांत लक्षपूर्वक वाचावा असा तोच आहे.

क्रिस्तीना आइत्तोमाकी यांनी देशभरातून अशा 75 स्त्रिया शोधल्या, ज्यांची गुणसूत्रे सर्वसामान्य स्त्रीसारखीच दोन एक्स असूनही ज्यांचे बीजाशय निष्क्रिय राहिले होते. जन्मणाऱ्या सुमारे 8,300 मुलींत एकीला हा विकार होतो, आणि त्यांची कुळे प्रामुख्याने विरळ वस्तीच्या उत्तर-मध्य भागातील, असे 1994 मध्ये निष्पन्न झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी काही स्त्रियांच्या विकाराचे कारण सापडले. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते; ते बीजाशयातील पुटकांच्या पेशींवर असलेल्या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटले, की पुटके वाढतात आणि इस्ट्रोजेन बनते. हे ग्राहक प्रथिन घडविणारे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असते. या स्त्रियांत त्यातील एकच अक्षर बदललेले होते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील 189 व्या जागी अ‍ॅलॅनीनऐवजी व्हॅलीन बसत असे, आणि बिघडलेले प्रथिन बहुतांशी पेशीच्या आतच अडकून पडे. निरोपच पोहोचत नाही म्हणून इस्ट्रोजेन अत्यल्प, आणि इस्ट्रोजेनचा लगाम नाही म्हणून एफएसएच मात्र अतोनात, असे विपरीत प्रमाण त्यांच्या रक्तात दिसते. पाळी सुरूच होत नाही.

आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून सदोष प्रत आली तरच हा विकार प्रकट होतो. एकच प्रत असलेली स्त्री निरोगी असते आणि तिला मुलेही होतात. असे वाहक फिनलंडमध्ये शेकडा एकाच्या आसपास आहेत. 1997 मध्ये दोन्ही प्रती सदोष असलेल्या पाच पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील दोघे बाप झाले होते असे आढळले. जे जनुक बहिणीचा वंश खुंटवते ते निरोगी वाहकांच्या, आणि क्वचित दोन्ही प्रती सदोष असलेल्या भावाच्याही, हातून पुढे जाऊ शकते, आणि चर्चच्या वहीतील शाईच्या रेघेनंतरही ते कुळात कसे टिकले याचा उलगडा यातून होतो.

सर्वसामान्य स्त्रियांत संप्रेरकांचे प्रमाण कमीजास्त करणारे आनुवंशिक भेद याहून पुष्कळ सौम्य असतात. खुद्द एफएसएच घडविणाऱ्या, अकराव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या लगतचा एक बहुप्रचलित भेद त्या संप्रेरकाचे प्रमाण किंचित बदलतो आणि पाळी जाण्याच्या वयाशीही त्याचा संबंध आढळतो; पण असे सूक्ष्म भेद शेकडो, आणि आहार, वय, देहभार यांच्या परिणामांत ते मिसळून गेलेले. फिनलंडच्या वसाहतीने एकच भेद वेगळा काढून दाखविला. ग्राहकच निकामी असल्यामुळे या स्त्रियांना एफएसएचची इंजेक्शने देऊन उपयोग होत नाही. इस्ट्रोजेन बाहेरून दिल्यास शरीराची वाढ होते व अस्थी बळकट राहतात, आणि गर्भाशय शाबूत असल्याने दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजापासून त्यांना मातृत्वही लाभू शकते.