एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे : ग्राहककर्जाचे दावे, सरोजिनी नगर (दिल्ली)

प्रतिवादी गैरहजर असताना केवळ वादीचे म्हणणे व पुरावा पाहून दिवाणी न्यायालय जो हुकूमनामा देते, तो एकतर्फी हुकूमनामा. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज किंवा हप्त्याने घेतलेल्या वस्तूची थकबाकी यांच्या दाव्यांत असा हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घेण्याची मुख्य तरतूद दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9, नियम 13 ही आहे. कर्ज खरे की खोटे, हा या अर्जातला प्रश्न नव्हे. समन्स रीतसर बजावले गेले होते का आणि गैरहजेरीला पुरेसे कारण होते का, एवढेच न्यायालय पाहते.

पत्ता व बजावणी : सरोजिनी नगर ही दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. येथील क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि बदली किंवा निवृत्तीनंतर सोडावे लागते. जुलै 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. या सातांमधील 12,970 जुन्या घरांच्या जागी सुमारे 25,667 घरे बांधण्याची ती योजना होती. सरोजिनी नगर, नेताजी नगर व नौरोजी नगर यांचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे गेले. जुनी क्वार्टर्स रिकामी होऊन पडली, पण कर्जाच्या अर्जावरचा पत्ता कळवून बदलला नाही तर बँकेच्या दप्तरात तोच राहतो आणि समन्सही तिकडेच निघते.

प्रतिवादी सापडला नाही तर समन्स दारावर चिकटवता येते (आदेश 5, नियम 17). दिल्लीतील बजावणीच्या अहवालांत याला ‘चस्पा’ म्हणतात. त्यानेही भागले नाही तर न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर समन्स देता येते (नियम 20). सरकारी नोकराचे समन्स त्याच्या कार्यालयप्रमुखामार्फत बजावण्याचीही सोय आहे (नियम 27). घर सोडल्याचा ताबापत्रासारखा कागद, बदलीचा आदेश आणि नव्या पत्त्याचा पुरावा ही अर्जदाराची मुख्य शस्त्रे असतात. मात्र 1976 च्या दुरुस्तीनुसार, प्रतिवादीला तारीख ठाऊक होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळही होता, असे न्यायालयाला वाटले तर बजावणीतील निव्वळ त्रुटीवरून हुकूमनामा रद्द होत नाही.

मुदत : मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 123 नुसार हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवस मोजतात. या अनुच्छेदापुरती जाहीर समन्साची बजावणी रीतसर बजावणी मानली जात नाही. उशीर झाला असल्यास कलम 5 खाली विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडतात.

सुनावणी व परिणाम : वादीला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही (नियम 14). रद्द करताना न्यायालय खर्च देण्याची किंवा काही रक्कम जमा करण्याची अट घालू शकते. अर्ज मंजूर झाला तरी कर्ज माफ होत नाही. दावा पुन्हा उभा राहतो आणि व्याजाची आकारणी, जमा न दाखवलेले हप्ते, तीन वर्षांची दाव्याची मुदत असे बचाव तेव्हा मांडता येतात. अर्ज फेटाळला गेल्यास आदेश 43, नियम 1 खाली अपील आहे. एकतर्फी हुकूमनाम्यावर संहितेच्या कलम 96 खाली थेट अपीलही करता येते. मात्र ते अपील मागे न घेता निकाली निघाले, तर नियम 13 चा मार्ग बंद होतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले, की आधी नियम 13 चा अर्ज केला म्हणून नंतरचे अपील बाद ठरत नाही.

इतर मार्ग : लेखी करारावरचा दावा आदेश 37 खाली संक्षिप्त पद्धतीने चालला असेल, तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. तो हुकूमनामा रद्द होण्यासाठी नियम 4 खाली ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते आणि बचावात तथ्य असल्याचेही पटवावे लागते. कर्जकरारात लवादाचे कलम असेल तर न्यायालयाऐवजी लवादाचा निवाडा हाती पडतो. त्याला लवाद अधिनियम, 1996 च्या कलम 34 खाली तीन महिन्यांत, फार तर आणखी 30 दिवसांत, आव्हान द्यावे लागते. 20 लाख रुपये व त्यावरील बँकदावे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात.

वसुली : हुकूमनामा झाल्याचे सरकारी नोकराला बऱ्याचदा पगारातली कपात पाहूनच कळते. वेतन देणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालय थेट जप्तीचा आदेश देते (आदेश 21, नियम 48). हुकूमनाम्याला दोन वर्षे झाली नसतील तर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) आधी नोटीस देणेही सहसा बंधनकारक नसते (नियम 22). दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार वेतनातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. एकाच हुकूमनाम्यासाठी 24 महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरते वेतन कायमचे मोकळे होते. सरकारी निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी जप्तीबाहेर आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही (कलम 56). ऐपत नसलेल्या ऋणकोला केवळ पैसे दिले नाहीत म्हणून तुरुंगात टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात 1980 मध्ये ठरवले. दरखास्तीची मुदत 12 वर्षे असल्याने जुना हुकूमनामा आपोआप विरत नाही.

पडताळणी, साहाय्य व तडजोड : नोटीस खरी आहे का, हे तिच्यावरील 16 अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पाहता येते. दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा मदतक्रमांक 1516 आहे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बँकेशी तडजोड करून न्यायालयाबाहेर पैसे भरले, तर त्याची नोंद आदेश 21, नियम 2 खाली 30 दिवसांत करून घ्यावी लागते. न नोंदवलेला भरणा दरखास्त चालवणारे न्यायालय विचारात घेत नाही आणि त्याच रकमेची जप्ती पुन्हा निघू शकते.