शर्यती मोटारगाडी : हौशी चालकांचे एंजिन-शक्तिवर्धन

रस्त्यावरील नित्य वापरासाठी बनविलेल्या मोटारगाडीचे एंजिन बंदिस्त शर्यतमार्गावर अधिक शक्ती देईल अशा रीतीने बदलणे, यास एंजिनाचे शक्तिवर्धन म्हणतात. व्यावसायिक संघ शर्यतीसाठी स्वतंत्र एंजिन घडवून घेतात. हौशी चालकाला मात्र हाताशी असलेल्या गाडीपासूनच प्रारंभ करावा लागतो. त्यामुळे हौशी शक्तिवर्धनाचा इतिहास हा त्या त्या देशात कोणत्या गाड्या बनत होत्या व त्यांचे कोणते सुटे भाग मिळत होते, यांच्या इतिहासाशी निगडित असतो. महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा विचार मुंबईतील कुर्ला आणि ठाणे-कल्याण पट्टा येथील मोटारउद्योगाच्या अनुषंगाने करावा लागतो.

पार्श्वभूमी : सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. १९५१ च्या सुमारास इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले. प्रशुल्क आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनंतर ज्या कंपन्यांजवळ भारतात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नव्हता, त्यांना येथे वाव उरला नाही. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढील सु. तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे फियाट, अँबॅसडर व स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या राहिल्या. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे परदेशी शर्यती भाग मिळणे दुरापास्त होते.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत जुहू येथील विमानतळाच्या धावपट्टीवर, तर मद्रासजवळ शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर मोटार शर्यती होत असत. धावपट्टीवरील मार्गात लांब सरळ पट्टे व त्यांच्या टोकाला तीव्र वळणे असतात. सरळ पट्ट्यावर एंजिनाची शक्ती, तर वळणाच्या तोंडाशी गतिरोधकांची ताकद कसोटीस लागते. या मार्गांवर धावणाऱ्या गाड्यांत फियाट ११०० चा समावेश असे.

फियाट ११०० चे एंजिन : १९३७ च्या फियाट ११०० साठी दांते जाकोझा यांनी बनविलेल्या चार सिलिंडरांच्या एंजिनापासून हे एंजिन विकसित झाले. सिलिंडराचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी. आणि एकूण आकारमान १,०८९ घ. सेंमी. असे त्याचे स्वरूप होते. कुर्ल्यात बनलेल्या व पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या गाडीत ते मिनिटाला ४,८०० फेऱ्यांना सु. ४० अश्वशक्ती देत असे.

याच घराण्यातील एंजिनाने यूरोपातील शर्यतींचा एक कालखंड गाजविला. तूरिनचे उद्योगपती प्येरो दुझिओ यांच्या चिसितालिया कंपनीने १९४६ मध्ये डी-४६ ही एक आसनी गाडी तयार केली. तिच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनातून ६० अश्वशक्तीहून अधिक शक्ती मिळे. जोव्हान्नी लुरानी यांच्या पुढाकाराने इटलीत सुरू झालेल्या फॉर्म्युला ज्युनिअर या वर्गात प्रारंभीच्या काळात, विशेषतः १९५८–५९ मध्ये, स्टँग्वेलिनीच्या फियाट एंजिनयुक्त गाड्या आघाडीवर होत्या. ज्या एंजिनावर मुंबईची टॅक्सी चालली, तेच मूलतः शर्यतीचे एंजिन होऊ शकत होते. हौशी चालकाला प्रोत्साहन देणारी ही गोष्ट होती. मात्र चाळीसपासून साठपर्यंतचे अंतर कशाच्या आधारे तोडले जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

शक्तीची घटके : एंजिनाची शक्ती ही आकारमान, दट्ट्यावरील सरासरी परिणामी दाब व दर मिनिटाच्या फेऱ्या या तिन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असते. उपरोक्त ४० अश्वशक्तीला हा दाब सु. ६·८ बार येतो. तो ८·५ बारवर नेला आणि फेऱ्या ६,००० केल्या, तर तेवढ्याच आकारमानातून सु. ६२ अश्वशक्ती मिळते.

आकारमान वाढविण्यास शर्यतीचे नियम आड येतात. १,१०० घ. सेंमी. ही आंतरराष्ट्रीय शर्यतींतील एका वर्गाची प्रचलित मर्यादा होती. ६८ मिमी. व्यास ६८·३ मिमी. केल्यास आकारमान १,०९९ घ. सेंमी. होते, ६८·४ मिमी. केल्यास ते १,१०२ होऊन गाडी वरच्या वर्गात जाते. म्हणजे बोअर करण्यास अवघ्या तीन दशांश मिलिमीटरची मुभा उरते.

दाब वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे संपीडन गुणोत्तर वाढविणे होय. सिलिंडराचे हेड घासून ज्वलनकक्ष लहान केला जातो. या एंजिनात गुणोत्तर ७·५ वरून ९ वर नेण्यासाठी प्रत्येक कक्ष सु. ४२ वरून ३४ घ. सेंमी. इतका कमी करावा लागतो. त्यामुळे होणारी सैद्धांतिक वाढ जेमतेम ६ टक्के असते व पेट्रोलचा ऑक्टेन अंक पुरेसा नसल्यास एंजिन ठोके देऊ लागते, दट्टे जळतात. मोठी वाढ मिळते ती एंजिनाचा श्वासोच्छ्वास सुधारल्याने. झडपा व त्यांचे मार्ग मोठे व गुळगुळीत करणे, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमदंड बसविणे, दोन कार्ब्युरेटर लावणे, निष्कास नळ्या योग्य लांबीच्या करणे या गोष्टी त्यात येतात. मात्र अशा कॅमदंडामुळे कमी वेगात एंजिन अडखळते. शर्यतीत लाभदायक ठरणारा बदल शहरी रहदारीत गैरसोयीचा होतो.

नियोजन : वाढीव शक्तीची किंमत एंजिनाच्या इतर भागांना द्यावी लागते. फेऱ्या ४,८०० वरून ६,००० केल्यास दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला १२ मी. वरून १५ मी. होते, पण गती बदलताना संयोगदांड्यावर म्हणजे कनेक्टिंग रॉडवर येणारी जडत्व-प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सु. ५६ टक्क्यांनी वाढते. म्हणून भुजादंडाचे संतुलन, धारवे व वंगणदाब यांची व्यवस्था आधी करावी लागते. शक्तीबरोबर उष्णताही वाढते, त्यामुळे शीतनकाची क्षमता तपासणे अगत्याचे ठरते. कोकणपट्टीतील हवामानाचाही विचार करावा लागतो : १५° से. ऐवजी ३५° से. तापमानाची हवा सु. ६ टक्के विरळ असते व तितक्या प्रमाणात एंजिनात कमी जाते.

उच्च वेगास हवेचा रोध मुख्य असल्याने लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शक्ती २० टक्क्यांनी वाढविली, तरी कमाल वेग सु. ६ टक्क्यांनीच वाढतो. उलट सु. ९०० किग्रॅ. वजनाच्या गाडीतून १०० किग्रॅ. वजन काढले, तर त्वरणाच्या दृष्टीने ४० अश्वशक्तीचे एंजिन ४५ चे काम देते. शिवाय वळण घेणे व थांबणे सोपे होते. ताशी १०० ऐवजी १२० किमी. वेगातील गाडी थांबविताना गतिरोधकांना ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. पद्मिनीच्या चारही चाकांना ढोलांचे गतिरोधक होते व ते वारंवार तापल्यावर निकामी होत. यास्तव गतिरोधक, टायर व निलंबन. नंतर शीतन व वंगण. नंतर वजनातील घट आणि शेवटी शक्तिवर्धन, हा क्रम शास्त्रशुद्ध मानला जातो. हौशी चालक बहुधा तो उलटा लावतो, आणि शर्यत अर्धवट सुटण्याचे किंवा अपघाताचे कारण पुष्कळदा तेथेच असते.

ठाणे-कल्याण पट्टा : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) ठाणे येथील वागळे वसाहतीत व पुढे डोंबिवली येथील वसाहतीत लघुउद्योगांची मोठी वाढ झाली. लेथ, घर्षण व छिद्रण यंत्रे चालविणारे कुशल कारागीर हे अशा कामाचे खरे भांडवल होय. प्रीमियर कंपनीचाही कल्याण-शीळ मार्गावर डोंबिवलीनजीक कारखाना होता. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी झालेल्या सहकार्यातून १९९४ पासून प्यूजो ३०९ ही गाडी तेथे बनू लागली. तिचे १,३६० घ. सेंमी. आकारमानाचे पेट्रोल एंजिन हेडमध्येच कॅमदंड असलेले, म्हणजे फियाट ११०० च्या मानाने एक पिढी पुढचे होते. तथापि कामगार तंटा व आर्थिक अडचणी यांमुळे १९९७ मध्ये हे सहकार्य संपुष्टात आले. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादनही २००० च्या सुमारास थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सी सेवेतून नाहीशी झाली. त्याबरोबर तिच्या एंजिनाविषयी मिस्त्रींनी हाताने जमविलेले ज्ञान निरुपयोगी ठरू लागले. त्याची लेखी नोंद क्वचितच झाली असल्याने ही हानी भरून येणारी नाही.

नंतरचा काळ : डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ७९६ घ. सेंमी. मारुती ८०० मुळे हौशी शर्यतींचे स्वरूप पालटले. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी तिचे एंजिन वापरून अल्प खर्चाची एक आसनी शर्यती गाडी बनविली. इरुंगट्टुकोट्टै (१९९०), कोइंबतूर (२००३) व ग्रेटर नोएडा (२०११) येथे कायमस्वरूपी मार्ग झाले. कल्याणच्या चालकाला गाडी चेन्नईस नेण्यासाठी सु. १,३०० किमी. अंतर कापावे लागते. नियोजनात हा खर्चही धरावा लागतो. २००० नंतर कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. नियंत्रकातील संगणकीय आज्ञावली बदलून, विशेषतः टर्बोभारित एंजिनांत, हेड न उघडताही शक्ती वाढविता येते. साधन बदलले, तरी धातूची सहनशक्ती, उष्णता व इंधनाचा ऑक्टेन अंक यांच्या मर्यादा कायम आहेत.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार वाहनाची उत्पादकाने नमूद केलेली वैशिष्ट्ये बदलण्यावर निर्बंध आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात त्यांचा पुनरुच्चार केला. कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा दंडनीय अपराध आहे. त्यामुळे शक्तिवर्धन केलेली गाडी वाहक-गाडीवर चढवून शर्यतमार्गावर नेणे व तेथेच चालविणे, हाच विधिसंमत व सुरक्षित मार्ग होय.